सीएमएमआय की डोरा? आधी विचारणारं कोण ते बघा

सॉफ्टवेअर बनवायची प्रोसेस सुधारायला सीएमएमआय (कामाची पद्धत किती पक्की ते लेव्हल देऊन जोखणारं मॉडेल) घ्यावं की डोरा (सॉफ्टवेअर किती वेगाने आणि किती बिनघोर पोचतं ते सांगणारे आकडे), असा कुणी सल्ला मागितला की माझा पहिला प्रश्न असतो, टेंडर भरायचंय का? सरकारी टेंडरच्या पात्रता अटींत 'सीएमएमआय लेव्हल ३' किंवा '५' लिहिलेलं असेल तर तुलनेला अर्थच नाही, अप्रेझलच्या, म्हणजे लेव्हल ठरवणाऱ्या तपासणीच्या, तयारीला लागा. (पुण्यात गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं गणित वेगळं. जर्मन गिऱ्हाईक ऑटोमोटिव्ह स्पाइस विचारतं, म्हणजे गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठीचं असंच मॉडेल.)

सीएमएमआयचं मूळच गिऱ्हाइकाच्या गरजेत आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअरचे कंत्राटदार पारखायचे होते. त्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने सीएमएम तयार केलं, १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. सीएमएमआय हा त्याचाच वारस. म्हणून त्यात पुराव्याला फार मान. एस्टिमेट कशावरून काढलं, रिक्वायरमेंट बदलली तेव्हा कुणी मंजूर केली, सगळं दाखवावं लागतं. हे शिस्तीचं काम आहे आणि मोठ्या, बदलत्या टीमला ते खरंच उपयोगी पडतं. पण मी एका कंपनीत अप्रेझलच्या आदल्या आठवड्यात सहा महिन्यांच्या रिव्ह्यूची मिनिट्स एका बैठकीत लिहून काढलेली पाहिली आहेत. लेव्हल मिळाली. रिलीजच्या रात्रीची जागरणं मात्र तशीच राहिली.

डोरा मुळात चार गोष्टी मोजते: डिप्लॉयमेंट (नवा कोड प्रत्यक्ष वापरात आणणं) किती वेळा होतं, कमिट केलेला, म्हणजे लिहून जमा केलेला कोड प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापरात) पोचायला किती वेळ लागतो, किती डिप्लॉयमेंट बिघडतात आणि बिघाड निस्तरायला किती वेळ जातो. पहिल्या दोन वेगाच्या, नंतरच्या दोन स्थैर्याच्या. त्यामुळे एकीकडे ओढलं की दुसरीकडे कळतं. बराचसा डेटा गिट, जेन्किन्ससारख्या रोजच्या टूल्समध्ये आणि कामाच्या तिकिटांत आधीच पडलेला असतो, सल्लागार नसला तरी चालतं. उणीव अशी की गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय हेच चुकलं असेल, तर हे चारही आकडे छान दिसतील. आणि ते कुणाच्या केआरएमध्ये (कामगिरी मोजायच्या निकषांत) घातलेत तर डिप्लॉयमेंटचे तुकडे पाडून संख्या वाढवणारे लगेच निघतील.

तुमचं स्वतःचं प्रॉडक्ट असेल, साठ-सत्तर माणसं असतील, तर मी डोरानेच सुरुवात करीन. तीन महिने नुसतं मोजायचं, मग सगळ्यात दुखरा आकडा एकच धरायचा. रिक्वायरमेंट सारखी फिरत असेल तर तेवढ्यापुरत्या सीएमएमआयच्या पद्धती उचलायच्या. त्यासाठी लेव्हलचं सर्टिफिकेट लागत नाही.