जुन्या स्लॅबच्या खडीचं पार्किंग, नऊ महिने वापरून

इंदिरानगरमधलं आमचं जुनं घर पाडलं तेव्हा डबर टाकायचं कुठे हा पहिला प्रश्न, आणि कुणीतरी रात्रीतून ट्रॅक्टर भरून गोदावरीकाठी ओतून येणार हे मला अजिबात चालणार नव्हतं. म्हणून स्लॅब-कॉलमचं काँक्रीट वेगळं काढलं, विटा-प्लास्टर वेगळं, आणि काँक्रीट तेवढं क्रशरवर नेऊन २० एमएमची खडी करून घेतली.

आयएस ३८३, म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते, आरसीसीत २० टक्के आणि तेही एम २५ पर्यंतच (एम म्हणजे काँक्रीटची ग्रेड, पुढचा आकडा २८ दिवसांनी हवी असलेली ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये). मी पार्किंगच्या एम २० ला २५ टक्के घातली, बाकी नेहमीची काळी खडी. विटांचा चुरा यात चालतच नाही, तो खालच्या हलक्या, कमी ताकदीच्या काँक्रीटच्या बेडला गेला.

पहिल्या दिवशी गडबड झाली. या खडीला जुना सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला असतो, तो पाणी ओढून घेतो, त्यामुळे माल मिक्सरमधून घमेल्यात येईपर्यंत घट्ट झाला आणि मिस्त्रींनी सवयीने वरून दोन बादल्या पाणी मारलं. गेटजवळचा तो पट्टा आजही झाडला की राखाडी पूड निघते, चावीने ओरखडा पडतो.

दुसऱ्या दिवसापासून खडी रात्रभर भिजवून सकाळी निथळून घेतली, पाणी मोजूनच घातलं, सिमेंट पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं), आणि नंतर दहा दिवस गोणपाट ओलं ठेवलं, त्यात एक दिवस पण सुट्टी नाही. या मालाचे तीन क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, २८ दिवसांनी लॅबला फोडले, सरासरी ताकद २७ आली, हवी होती २०. मला खरंच खूप आनंद झाला, कारण आख्ख्या गल्लीने सांगितलं होतं की जुना माल लावू नका.

पूर्ण पावसाळा गेला, रोज गाडी आत-बाहेर होते, पाण्याची टाकी भरायला टँकर पण एकदा वर चढला, दुसऱ्या दिवसापासून टाकलेल्या भागात एकही तडा नाही. पैसे मात्र फार वाचले नाहीत, वेगळं करायची मजुरी आणि क्रशरपर्यंतचं भाडं यातच गेले. तरी करायचं असेल तर पाडतानाच मजुरांना सांगून ठेवा, एकदा विटांबरोबर मिसळलं की परत वेगळं करणं फार जिकिरीचं.

क्रशरची थोडी खडी शिल्लक आहे. दिवाळीनंतर गेटचा पट्टा फोडून परत टाकणार, खडी भिजवायला मी स्वतः आदल्या रात्री थांबणार आहे.