श्विन टायफून (१९६०चं दशक): रोजच्या वापरानंतर

शिकागोची ही सायकल फ्रेमसाठीच घ्यायची. रोज वापरूनही सांध्यांतून कुरकुर नाही, कारण त्यांची घडणच वेगळी. हेड ट्यूबचे (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीचे) दोन अर्धे भाग पत्र्यातून साच्यात दाबायचे, पुढच्या नळ्या जोडायला त्यांतच खुंट काढायचे आणि सगळं विजेने तापवून दाबाखाली एकजीव करायचं. म्हणून लग (नळ्या जोडायच्या बाह्या) नाहीत, वेल्डिंगची रेघ दिसत नाही. मागच्या चाकाकडून येणाऱ्या दोन नळ्या सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) बाजूने वळण घेत पुढे जातात. कॅन्टिलिव्हर म्हणतात ते हेच. वजन मात्र अठरा-वीस किलो, चढावर जीव काढते.

घेताना हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाशी बोट फिरवा. रंगाला सुरकुती लागली तर समोरून धडक बसलेली आहे, सोडून द्या. सीटचा दांडा हलतो का तेही बघा. वरून पाणी शिरून तो आतच गंजून धरतो.

टायरची खोड सर्वांत महागात पडते. श्विनच्या अस्सल एस-७ मापाच्या रिमला २६ × १ ३/४ (५७१ मिमी) लागतो. दुकानातला २६ × १.७५ म्हणजे ५५९ मिमी. वाचायला एकच, पण व्यासात १२ मिमीचा फरक, बसतच नाही.

क्रँक, म्हणजे पायडलांचा दांडा, एकसंध आहे. डाव्या बाजूचं पायडल, नट, कोन (छर्र्यांवर बसणारा शंकू), सगळ्यांचे आटे उलटे. छर्र्यांच्या पिंजऱ्याची बंद बाजू बाहेर ठेवायची, नाहीतर पिंजरा घासून तुटतो. श्विनचा कोन इंचाला २८ आट्यांचा, इतरांचा बहुधा २४चा. जबरदस्तीने फिरवला तर क्रँकचे आटे जातात. कोस्टर ब्रेकच्या (पायडल उलटं दाबून लागणाऱ्या ब्रेकच्या) दांडीची पट्टी फ्रेमला घट्ट हवी. ती सुटली की दांडी फिरते आणि ब्रेक गेला.

संग्राहकांची झुंबड श्विनच्याच ब्लॅक फँटमवर (१९४९-५९). त्याची १९९५ची शताब्दी प्रतिकृतीही बाजारात आहे, ती जुनी म्हणून खपू शकते. टायफूनला तशी टाकी-भोंग्याची मिरवणूक नाही, म्हणून आवाक्यात मिळते. माझ्या मते चालवायला हीच बरी. फ्रेमचा नंबर १९७०पूर्वी मागच्या डाव्या ड्रॉपआउटवर (चाकाचा आस बसतो त्या खाचेच्या पट्टीवर), नंतर हेड ट्यूबवर. त्यावरून कळते ती नंबर ठोकल्याची तारीख, सायकल जोडल्याची नव्हे. मूळ रंग खरचटलेला असला तरी पुन्हा रंगवू नका, भाव पडतो. सौम्य साबण आणि मेण पुरे.