कायमेरा-एक्स : प्रथिनांसाठीच्या सॉफ्टवेअरमधून जीनोम पाहताना

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संस्थेने विकसित केलेले कायमेरा-एक्स हे सॉफ्टवेअर मुळात प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंची रचना पाहण्यासाठी आहे. तरीही मानवी जीनोमची (पेशीतील संपूर्ण डीएनएची) त्रिमितीय प्रारूपे पाहणाऱ्यांना त्याचा चांगला उपयोग होतो, कारण अशा प्रारूपात गुणसूत्र म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या मण्यांची साखळी असते (प्रत्येक मणी म्हणजे डीएनएचा एक तुकडा) आणि साखळ्या दाखवण्यात या सॉफ्टवेअरचा हात धरणारे फार थोडे आहेत.

२००९ मध्ये हाय-सी पद्धत आली आणि डीएनएचे कोणते भाग पेशीच्या केंद्रकात एकमेकांच्या संपर्कात येतात याची जीनोमभर नोंद घेणे शक्य झाले. पुढे २०१८ मध्ये डिप-सी पद्धतीने एकेका मानवी पेशीतील (आईकडून व वडिलांकडून आलेल्या) दोन्ही गुणसूत्रसंचांची प्रारूपे तयार झाली. त्यांत एक मणी साधारण २०,००० बेस-जोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा) असतो, म्हणजे सहा अब्जांहून अधिक बेस-जोड्यांच्या जीनोमसाठी सुमारे तीन लाख मणी लागतात. सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक मणी अणू म्हणून लिहिला जातो. रेणूंची रचना साठवण्याच्या जुन्या पीडीबी फाइलमध्ये अणूच्या क्रमांकासाठी पाचच रकाने (म्हणजे पाच अंकांची जागा) असल्यामुळे एवढी साखळी तिच्यात सरळ मावत नाही, म्हणून फाइल एमएमसीआयएफ या अशी मर्यादा नसलेल्या नव्या स्वरूपात करून घ्यावी. रूपांतराची ही पायरी नवख्याला त्रासदायक वाटेल.

एकदा प्रारूप उघडले की मात्र सॉफ्टवेअरचे खरे गुण दिसू लागतात. प्रत्येक गुणसूत्र स्वतंत्र साखळी म्हणून लिहिलेले असेल, तर एका आज्ञेत सर्वांना वेगवेगळे रंग देता येतात आणि गुणसूत्रे एकमेकांत सरमिसळ न होता आपापला प्रदेश राखून असतात हे लगेच लक्षात येते. मृदू प्रकाशयोजना निवडल्यास खोलगट भागांवर सावली पडते व गुंतागुंतीच्या गोळ्यालाही खोली येते. छेद घेण्याची सोय तर मला सर्वांत मोलाची वाटते, कारण बाहेरून पाहिलेला जीनोम हा केवळ रंगीत गोळा असतो. १८ आणि १९ या गुणसूत्रांखेरीज सर्व काही फिकट करून छेद घेऊन पाहावा : लसिका पेशींत (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका प्रकारात) जनुके विरळ असलेले १८ वे गुणसूत्र परिघाकडे आणि जनुकांनी गजबजलेले १९ वे आतल्या बाजूस असते, हे सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण प्रारूपात कितपत उतरले आहे याची पडताळणी तिथेच करता येते. दिलेल्या आज्ञा नोंदपटलावर उमटत राहतात आणि फाइलमध्ये साठवून पुन्हा चालवता येतात, त्यामुळे तेच चित्र दुसऱ्याला जसेच्या तसे काढता येते.

उणीव अशी की, या सॉफ्टवेअरला साखळी कळते, जीनोम कळत नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराशी संबंधित सीएफटीआर जनुक सातव्या गुणसूत्रावर साधारण ११ कोटी ७५ लाखाव्या बेस-जोडीजवळ आहे. ते नावाने शोधण्याची सोय नाही, मण्याचा क्रमांक आपणच भागाकार करून काढावा लागतो. याहून घातक गोष्ट अंतराची आहे. दोन मण्यांमधील अंतर मोजले की उत्तर ॲंगस्ट्रॉममध्ये (अणूंची अंतरे मोजण्याच्या एककात) दिसते, परंतु प्रारूपाचे एकक बहुधा मनमानी असते, म्हणून तो आकडा प्रबंधात उतरवून घेण्यापूर्वी मूळ प्रारूपाचे प्रमाण तपासणे अत्यावश्यक आहे. शिवाय लक्षावधी पेशींच्या सरासरी संपर्कांवरून बांधलेले प्रारूपही पडद्यावर एका पेशीच्या प्रारूपाइतकेच ठाम दिसते, आणि हा फरक सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही.

डीएनएचे वेटोळे (दूरचे दोन भाग जवळ येऊन बनलेला फास) नेमके कोठे आहे हे शोधायचे असेल, तर ज्यूसबॉक्ससारख्या साधनातील द्विमितीय संपर्क-नकाशा (कोणते दोन भाग किती वेळा संपर्कात आले ते दाखवणारा तक्ता) अधिक विश्वासार्ह ठरतो. तेथे निवडलेला भाग मग कायमेरा-एक्समध्ये अवकाशात पाहावा, असा क्रम मी सुचवेन. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर कायमेरा-एक्स चालते. शैक्षणिक व वैयक्तिक वापरासाठी ते विनामूल्य आहे. व्यावसायिक वापरासाठी मात्र परवाना घ्यावा लागतो.