चाकांवरच्या घरात लिथियम बॅटरी : काही महिन्यांच्या सलग वापरानंतर

मोटरहोममध्ये कायमचे राहणाऱ्यांनी लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या काढून लिथियम बसवावी का, या प्रश्नाला माझे उत्तर आता स्पष्टपणे होकारार्थी आहे. मात्र "जुनी काढा, नवी ठेवा, झाले" अशा थाटात हा बदल विकला जातो, ते काही खरे नाही. बॅटरीने स्वतः आजवर कसलाही त्रास दिलेला नाही. वेळ, पैसा आणि डोकेफोड खर्च झाली ती तिच्या भोवतालच्या वायर, फ्यूज, चार्जर आणि मीटर यांवर. हा अनुभव त्यामुळे बॅटरीचा कमी आणि तिच्या शेजाऱ्यांचा जास्त आहे.

आमच्या गाडीत आधी १०० अँपिअर-तासांच्या दोन एजीएम (लेड-अ‍ॅसिडचाच बंद प्रकार) बॅटऱ्या होत्या. त्यांच्या जागी २०० अँपिअर-तासांची एकच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली. कागदावरची क्षमता तेवढीच, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून प्रत्यक्षात हाताशी शंभरच अँपिअर-तास असत; आता १६० बिनघोर वापरता येतात. साठ किलोंच्या घरातले वजन पंचवीसच्या आसपास आले आणि वाचलेले किलो आम्ही अर्थातच पाण्याच्या टाकीत भरले.

जाहिरातीत क्षमतेचा आणि वजनाचाच गाजावाजा असतो, पण रस्त्यावर राहताना मला सर्वांत मोठा वाटलेला फायदा वेगळाच आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा शेवटचा वीसेक टक्के भाग भरायला कित्येक तास लागतात, आणि ती सतत अर्धवट भरलेली राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसून क्षमता जाते. फिरत्या घरात बॅटरी रोज काठोकाठ भरणे हे बहुतेक वेळा स्वप्नच असते, त्यामुळे जुन्या बॅटऱ्या आमच्या राहणीनेच मरत होत्या. लिथियमला अर्धवट भरलेले राहणे मानवते; उलट गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल, तर ती ५० ते ६० टक्क्यांवरच ठेवणे चांगले.

दुसरा फायदा जड भाराचा. दीड किलोवॉटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरवर लावली की बॅटरीतून सुमारे १३० अँपिअर ओढले जातात. एजीएमवर एवढ्या भाराने व्होल्टेज कोसळत असे आणि इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद पडत असे. आता व्होल्टेज तेराच्या थोडे खाली येऊन तिथेच स्थिरावते.

पण हाच प्रवाह तारांमधून आणि सांध्यांमधूनही जातो, आणि इथे खरी परीक्षा होते. शेगडी चालू असताना मी सवयीने मुख्य जोडण्यांजवळ हात नेऊन पाहतो. एकदा फ्यूजकडचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) चांगलाच तापलेला लागला, शेजारचा मात्र गार. उघडून पाहिले तर बसवून देणाऱ्या कारागिराने स्टीलचा वॉशर लगच्या वर न घालता लग आणि फ्यूजचा बोल्टपट्टा यांच्या मधोमध घातला होता, म्हणजे सगळा प्रवाह त्या वॉशरमधून जात होता. अशा सांध्याचा रोध एक मिलिओहम जरी असला, तरी १५० अँपिअरला तिथल्या तिथे बावीस वॉटहून अधिक उष्णता तयार होते, आणि तीही नखाएवढ्या जागेत. वॉशर वर घेतला, नट टॉर्क पान्याने कसला, आणि सांधा गार झाला. खडबडीत रस्त्यांवरून चालणाऱ्या घरात नट सैल होणे हा नियमच समजावा. मी सर्व मुख्य सांधे ठरावीक काळाने पुन्हा कसतो आणि कसलेल्या नटावर रंगाची रेघ ओढून ठेवतो, म्हणजे तो फिरला की नजरेने कळते. फ्यूजच्या बाबतीतही काटकसर नको. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर काही हजार अँपिअर देऊ शकते, आणि साधा स्वस्त फ्यूज वितळल्यावरही आतली ठिणगी तुटेलच असे नाही. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ क्लास-टी फ्यूज, म्हणजे एवढा मोठा प्रवाहही खात्रीने तोडणारा, लावला आहे.

गाडी चालताना चार्जिंग हा पुढचा विषय. लिथियमचा आंतरिक रोध इतका कमी असतो की साध्या रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) जोडल्यास ती अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राकडून, जेवढा मिळेल तेवढा प्रवाह ओढते. इंजिन मंद गतीवर असताना अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो, त्यामुळे तो तापून निकामी होण्याची भीती असते. शिवाय बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने) अचानक बॅटरी तोडली, तर उसळणाऱ्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. या दोन्हींवर उपाय एकच : मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरकडून ठरावीकच प्रवाह घेऊन बॅटरी भरणारे उपकरण. आमचा ३० अँपिअरचा आहे, म्हणजे दोन तासांच्या प्रवासात साठेक अँपिअर-तास परत मिळतात. फक्त तो स्वतः खूप तापतो आणि तापला की प्रवाह कमी करतो. सीटखालच्या बंद कप्प्यात त्याने उन्हाळ्यात जेमतेम निम्मे काम केले. कप्प्याला जाळी आणि छोटा पंखा बसवल्यावर तक्रार मिटली. घरगुती विजेवरचा जुना चार्जर ठेवायचा असल्यास त्यातली डिसल्फेशनची (प्लेटांवरचे सल्फेट काढण्याची) पायरी बंद करता येते का, हे आधी पाहावे. ती पायरी व्होल्टेज पंधराच्या वर नेते, आणि लिथियमसाठी १४.६ ही कमाल मर्यादा आहे.

थंडीबद्दल विक्रेते ओझरते बोलतात, त्यावर थोडे सविस्तर. शून्य अंशाखाली ही बॅटरी वीज देते, पण घेऊ नये. घेतल्यास लिथियम धातूच्या रूपात ऋणाग्रावर साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून चांगला बीएमएस गोठत्या सकाळी चार्जिंग बंद ठेवतो. बाहेर लख्ख ऊन, सौर कंट्रोलर तयार, आणि पडद्यावर चार्जचा आकडा शून्य, असे दृश्य पाहून नवखा माणूस बिघाड झाला असे समजेल. बॅटरीत गरम करणारी पट्टी असली तर पहिले काही अँपिअर तीच खाते. त्यापेक्षा बॅटरी बाहेरच्या कप्प्याऐवजी राहत्या भागात, सीटखाली बसवावी. रात्रीची घरातली ऊब तिला आपसूक मिळते. आमची तिथेच आहे आणि चार्जिंग अडण्याची वेळ क्वचितच आली.

जुन्या सवयीपैकी व्होल्टमीटरवरचा विश्वास सोडावा लागला. लेड-अ‍ॅसिडमध्ये १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी, असा हिशेब चालत असे. लिथियमचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात १३.० ते १३.३ यांच्या दरम्यानच घुटमळते, त्यामुळे शंट (जाणारा-येणारा प्रवाह मोजणारी पट्टी) असलेला बॅटरी मॉनिटर ही चैन नसून गरज आहे. पण मॉनिटर हा शेवटी हिशेबनीसच. आत-बाहेर गेलेले अँपिअर तो मोजतो, बारीकसारीक चुका साठत जातात, आणि बॅटरी पूर्ण भरल्यावरच त्याची वही शून्यापासून सुरू होते. ढगाळ दिवसांची लांब रांग लागली की टक्केवारीवर मी विसंबत नाही.

छतावरच्या पॅनेलांविषयी दोनच मुद्दे. एअर व्हेंटची सावली एका पॅनेलवर पडते, म्हणून आम्ही ती समांतर जोडली आहेत, म्हणजे एकाच्या सावलीने बाकीच्यांची वीज अडत नाही. आणि केबल छतातून आत येते तिथे सिलिकॉन कधीही लावू नये. पुढे दुरुस्तीच्या वेळी त्यावर दुसरे काहीच चिकटत नाही. छतासाठीचे पॉलियुरेथेन सीलंट वापरावे आणि त्याला भेगा पडल्यात का, हे शिडीवर चढून पाहत राहावे.

ज्यांचा मुक्काम बहुतेक वेळा प्लग असलेल्या कॅम्पसाइटवर असतो, त्यांना या खर्चातून फारसे काही मिळणार नाही. चांगल्या एजीएम त्यांना पुरतात.

एक तक्रार मात्र शिल्लक आहे, ती बॅटरीसोबत आलेल्या पुस्तिकेबद्दल. आतले चार सेल एकमेकांशी समतोल करण्याचे काम बीएमएस बॅटरी भरत आल्यावरच करतो, आणि त्यासाठी व्होल्टेज १४.२ च्या आसपास बराच वेळ टिकावे लागते, याचा त्यात उल्लेखही नाही. अर्धवट चार्जवर आठवडे काढल्यानंतर आम्ही प्रथमच पूर्ण भरायला घेतली, तेव्हा एक सेल ३.६ व्होल्टच्या पुढे पळाला, बाकीचे ३.४ वर रेंगाळले आणि बीएमएसने चार्जिंग तोडले. प्रवाह कमी करून दिवसभर बाहेरच्या विजेवर ठेवल्यावर फरक हळूहळू मिटला. आता अधूनमधून प्लग मिळेल अशा ठिकाणी मुद्दाम एक दिवस काढतो, आणि वरच्या टोकाला सेलमधला फरक वीस-तीस मिलिव्होल्टच्या आत राहतो.