टीडीए ७२९४ च्याच सप्लायवर प्रीअँप: गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

कॅबिनेटमध्ये दुसरा ट्रान्सफॉर्मर मावेना, म्हणून टीडीए ७२९४ या अँप्लिफायर आयसीवरच्या स्टिरिओ अँप्लिफायरच्या ±३४ व्होल्टवरूनच बेस-ट्रेबल प्रीअँपसाठी (मुख्य अँप्लिफायरच्या आधीचं सर्किट) ±१५ व्होल्ट काढले. गणपतीआधी जोडलं, आता उन्हाळा लागलाय. रोज चालतंय.

दुकानदार सरळ "७८१५-७९१५ लावा" म्हणतो, म्हणजे धन आणि उणे १५ व्होल्ट स्थिर देणारे रेग्युलेटर. पण त्यांना इनपुटला ३५ व्होल्टच्या वर चालत नाही. आमच्याकडे रात्री लाइन २५० ला जाते आणि गाणं बंद असलं की २४-०-२४ च्या ट्रान्सफॉर्मरनंतरच्या डीसीवर मीटर प्रत्येक बाजूला ३८ व्होल्ट दाखवतो. म्हणून दोन्ही बाजूंना आधी ४७० ओहमचा रेझिस्टर, मग २४ व्होल्ट १ वॅटचा झेनर (व्होल्टेज २४ च्या वर जाऊ न देणारा डायोड), १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मग रेग्युलेटर. प्रीअँपच्या दोन एनई ५५३२ आयसी मिळून जेमतेम १६ मिलिअँपिअर खातात. हीट सिंक नसूनही रेग्युलेटर नुसता कोमट होतो. रेझिस्टर मात्र चांगलाच तापतो; १ वॅटचा घेऊन बोर्डपासून थोडा उचलून डाग दिलाय, तरी खालची पीसीबी पिवळी पडायला लागली आहे. आता २ वॅटचे टाकणार.

७९१५ च्या पायांचा क्रम ७८१५ सारखा नसतो, शिवाय त्याची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते. बॉडीला टेकली की शॉर्ट.

खरी परीक्षा घूं आवाजाची. प्रीअँपची ग्राउंड स्पीकरच्या ग्राउंडवरून घेतली, तेव्हा व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घूं यायचा. म्हणजे दोष इनपुटचा नव्हे, ग्राउंडच्या तारेचा. तीच तार मोठ्या फिल्टर कपॅसिटरांच्या मधल्या बिंदूवरून वेगळी ओढली आणि शील्डची (सिग्नलच्या वायरभोवतीच्या जाळीची) तार एकाच टोकाला जोडली. आता रात्रीच्या शांततेत स्पीकरला कान लावला तर बारीक सूं तेवढा ऐकू येतो. स्विच बंद करताना 'टप्' होतो, तो अजून गेलेला नाही.

एलएम २५९६ चं बक मोड्यूल (स्विचिंगने व्होल्टेज उतरवणारं तयार बोर्ड) स्वस्त आहे, पण इथे मला पटत नाही. १५० किलोहर्ट्झचं स्विचिंग प्रीअँपच्या शेजारी कशाला आणायचं? शिवाय त्याच्या इनपुट-आउटपुटची उणे बाजू एकच, त्यामुळे उणे १५ सरळ मिळत नाहीत.

ब्लूटूथ बोर्डही यावरच चालेल का, असं मित्र विचारतात. नाही चालणार. त्याचा करंट या ४७० ओहममधून निघत नाही, झेनरला करंट उरत नाही आणि धन बाजूचा व्होल्टेज कोसळतो. त्याला मोबाइलचा जुना चार्जर द्या.