आठवीपासून अनुदानित शाळेत: नऊ महिन्यांचा अनुभव (आणि सायकल स्टँड)

परवा सायकलचे आणखी दोन आरे तुटले, म्हणून एकदाचं लिहायला बसलोय. जूनपासून लिहीन लिहीन म्हणत होतो. आधी लिहिलं असतं तर फार वाईट लिहिलं असतं, दिवाळीनंतर लिहिलं असतं तर फार चांगलं. आता मार्च आहे, डोकं शांत आहे. सायकलचा विषय सोडून.

अनुदानित शाळा म्हणजे शिक्षकांचे पगार सरकार देतं ती, सेमी म्हणजे माध्यम मराठी पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. याहून जास्त सांगत बसत नाही. सांगलीतली मोठी संस्था, पाचवी ते दहावी, दोन पाळ्या, अडीच हजारांच्या वर पट. नाव लिहीत नाही, कारण अजून दोन वर्षं पोरगी तिथंच काढायची आहे. सातवीपर्यंत ती इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत होती. तिथली फी ४६,०००, व्हॅन महिन्याला ११००, पुस्तकं-वह्यांचा संच शाळेतूनच घ्यायचा, तो ५५००. माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. ज्या वह्या मी २८ रुपयांना विकतो त्याच वह्यांवर शाळेचं कव्हर चढवून ५५ ला विकत घ्यायच्या, हे मला तीन वर्षं झोंबत होतं. खरं कारण तेच. 'मातृभाषेतून शिक्षण' वगैरे मी पाहुण्यांना सांगतो.

प्रवेशाला त्रास झाला नाही. जुन्या शाळेचा दाखला, आधार, सातवीचं गुणपत्रक, दोन फोटो. खिडकीतल्या लिपिकानं आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलं. मला वाटलं उगाच वेळ काढतोय. नंतर कळलं, जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, एक वेलांटी चुकली तर दहावीच्या फॉर्मला तीच चूक जाते आणि मग शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या. आमचं आडनाव दाखल्यावर चुकलेलं निघालं. जुन्या शाळेनं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, यानं पाच मिनिटांत पकडलं. त्या माणसाला इथं धन्यवाद, कारण पुढं मी त्याच्याशी भांडलो आहे.

खर्च: संगणक, ओळखपत्र, मासिक, परीक्षा, पालक-शिक्षक संघ असं सगळं मिळून वर्षाला १२४०. पावतीसकट. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, पहिल्या दिवशी हातात. नववीपासून बालभारतीची विकत घ्यायची, पण ती आमच्याच दुकानात असतात. मी तर खूशच होतो. तीन किलोमीटर अंतर, व्हॅन कशाला, म्हणून २८०० ला जुनी लेडीज सायकल घेतली, पुढं बास्केटवाली, एकदम टकाटक.

आता स्टँड. पत्र्याची एक लांब शेड आहे, अडीचशे सायकलींची असेल. लागतात चारशे. खाली फरशी नाही, मुरूम. साईड स्टँड मुरमात रुततो, एक सायकल कलली की अख्खी रांग झोपते. जूनमध्ये ब्रेकचा लिव्हर वाकला, ६० रुपये. जुलैत पेडल, १४०. बास्केट चेपली ती २०० ला नवी बसवली. मागचं मडगार्ड १८०. रिम आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, दोनदा काढला, १०० आणि १००. आरे तीनदा, ७०, ५० आणि परवाचे ९०. म्हणजे ९९० रुपये, आणि सायकल एकदाही रस्त्यावर पडलेली नाही. आमचा सायकलवाला लांबूनच ओळखतो. "डाव्या अंगाला मार खाल्लेली म्हंजे त्याच शाळेची," म्हणाला, "त्या दुसऱ्या शाळेची उजवीकडनं चेपते, तिथं भिंत हाय."

मी खिडकीवर गेलो. लिपिक म्हणाले, हे पर्यवेक्षिका बाईंकडे. बाई म्हणाल्या, अर्ज द्या. दिला. 'विषय: सायकल स्टँडमधील फरशीबाबत.' आवक क्रमांक पडला, शिक्का पडला. महिना गेला. ऑगस्टच्या पालक सभेत मी उभा राहिलो. माझ्या आधीच्या पालकांनी गणिताच्या सरांबद्दल विचारलं होतं, त्याआधीच्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल. मी मुरमाबद्दल बोललो आणि सभागृहात खसखस पिकली. बायको दोन दिवस बोलली नाही.

तेव्हा माझं मत असं होतं: एवढ्या मोठ्या शाळेत आपलं पोर म्हणजे नुसता हजेरी क्रमांक. तुकडीत ६८ मुलं. जुन्या शाळेत ३२ होती, मिस व्हॉट्सअपवर रोज होमवर्क पाठवायच्या, पोरगी शिंकली तरी फोन यायचा. इथं कुणी काही कळवत नाही. फळ्यावर सूचना लागते, ज्यानं वाचली त्यानं वाचली. विज्ञानाचे सर ऑगस्टअखेर निवृत्त झाले. ती जागा पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवरून, भरली जाईल तेव्हा भरली जाईल, तोवर तासिका तत्त्वावर एक तरुण मॅडम. मधला दीड महिना बदली तासावर कधी चित्रकला, कधी पीटी. गणिताचे सर निवडणुकीच्या ट्रेनिंगला. आणि आठवीला आता वार्षिक परीक्षेत नापास करता येतं, पूर्वीसारखं आपोआप पुढं ढकलत नाहीत, त्यामुळं घरात धाकधूक. पहिल्या घटक चाचणीत पोरीला इतिहासात २० पैकी ६. उत्तरं तिला येत होती, मराठीत लिहिता येत नव्हती. 'वसाहतवाद' हा शब्द तिनं एकाच पानावर तीन प्रकारे लिहिला होता. गणित-विज्ञान इंग्रजीतून असल्यामुळं तिथं अडलं नाही. इंग्रजी माध्यमातून सेमीला आणणाऱ्यांनी हा हिशोब धरावा: पहिले चार महिने इतिहास-भूगोल म्हणजे नवीन भाषा.

इथं माझं मत बदललं, आणि बदललं ते सायकलवाल्यामुळं.

सप्टेंबरात दुसऱ्यांदा रिम आउट काढायला गेलो. चाक फिरवता फिरवता त्यानं विचारलं, "पोरगी आठवीत ना? एनएमएमएसला बसवली का न्हाई?" मला माहीतच नव्हतं. ही आठवीतल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. त्याचा मुलगा त्याच शाळेतून दोन वर्षांपूर्वी बसला, लागला, आता महिन्याला १००० रुपये या हिशोबानं पैसे खात्यात येतात. नववी ते बारावी, वर्षाला १२,०००, म्हणजे ४८,०००. अट अशी की मूल सरकारी, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देताच येत नाही. जुन्या शाळेत राहिलो असतो तर मला या परीक्षेचं नावही कळलं नसतं, कळून उपयोगही नव्हता.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर. त्याच लिपिकाकडे, ज्यांच्याशी मुरमावरून वाजलं होतं. ते म्हणाले, "वर्गात सूचना फिरली आहे, फळ्यावर आहे, तुम्ही रोज स्टँडकडं बघत जाता, फळा मधेच लागतो." ऐकून घेतलं. खरंच मधेच लागतो. उत्पन्नाचा दाखला काढायला धावपळ झाली, पण फॉर्म वेळेत गेला. आणि मग कळलं की सकाळी साडेसहाला या परीक्षेचे जादा तास चालतात. फुकट. मानसिक क्षमतेचा पेपर ९० गुणांचा, शालेय विषयांचा ९० चा, दोन्ही शिकवायला शाळेचेच दोन शिक्षक, पाळी सुरू व्हायच्या आधी. पेठेतला क्लास याच परीक्षेचे ९००० घेतो. मी माझ्या दुकानात त्या क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्स काढतो, त्यामुळं दोन्हीकडचा माल पाहिलाय. शाळेतल्या बाईंनी काढलेले आकृत्यांचे प्रश्न जास्त अवघड असतात. डिसेंबरात परीक्षा झाली. निकाल अजून यायचाय.

त्यानंतर मी फळा वाचायला लागलो. दुकान उघडायच्या आधी पोरीला सोडायच्या निमित्तानं जायचं आणि वाचायचं. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची नोटीस तिथंच वाचली. फी किरकोळ, सराव रविवारी चित्रकला कक्षात, रंग आपले. पोरीला बी ग्रेड मिळाली. पुढच्या वर्षी इंटरमीजिएट. तिथं ए ग्रेड आली तर दहावीच्या निकालात ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३. एनसीसीच्या निवडीची नोटीसही वाचली, पण उंची, धावणं वगैरे पाहतात, आमची धावण्यात मागं पडली. बाहेरगावच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. तिची मैत्रीण तासगावकडच्या एका खेड्यातून येते, तिचा शाळेत यायचा खर्च शून्य. आठवीपर्यंत पोषण आहारही आहे. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ असा हिशोब. आमच्या बाईसाहेब जूनमध्ये "मी ते खाणार नाही" म्हणाल्या होत्या. आता मटकीच्या उसळीच्या दिवशी डबा तसाच परत येतो. मी बायकोला म्हटलं, डबाच देऊ नकोस मग. परत दोन दिवस अबोला.

तर मुद्दा असा. शाळेकडं देण्यासारखं भरपूर आहे, पण घरी आणून कुणी देत नाही. जुन्या शाळेत उलट होतं. कळवायचे सगळं, द्यायचे काय तर फॅन्सी ड्रेस.

आता पुन्हा स्टँड, कारण तो विषय मी सोडलेला नाही. जानेवारीत एक दिवस दुकान भावाकडं देऊन मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. सकाळची पाळी १२:२० ला सुटते, दुपारची १२:३० ला भरते. म्हणजे दहा मिनिटांत हजारभर मुलं बाहेर आणि तेवढीच आत, फाटक एकच. दुपारवाली पाचवी-सहावीची बारकी पोरं सव्वाबारालाच येतात, शेडमध्ये जागा नसते, म्हणून दोन सायकलींच्या मध्ये तिसरी घुसवतात आणि पळतात. घंटा झाली की सकाळवाले आपली सायकल ओढून काढतात. पेडल शेजारच्या आऱ्यांत अडकलेलं असतं. ओढलं की आरा जातो. माझ्या डोळ्यांसमोर सात सायकली एकामागोमाग आडव्या झाल्या. एक सातवीतला असेल, दप्तर पाठीवर तसंच ठेवून सगळ्या एकेक करून उभ्या करत होता. मी विचारलं, यातली तुझी कुठली? म्हणाला, "माझी न्हाई, मी चालत येतो. मामांनी सांगितलंय." मामा म्हणजे शिपाई. ते फाटकावर उभे, एका हातानं एसटीवाल्या मुलींना रस्ता ओलांडून देत होते, दुसऱ्या हातात घंटेचा टोल. चारशे सायकलींना हा एक माणूस आणि तो एक पोरगा.

म्हणजे दोष मुरमाचा नव्हता, निदान सगळा नव्हता. दोष दहा मिनिटांचा होता. मी पर्यवेक्षिका बाईंना सांगितलं, दुपारची पाळी १२:४५ ला भरवा. त्यांनी वेळापत्रकाचा कागद पुढं सरकवला. पंधरा मिनिटं पुढं ढकलली तर सुटायला तेवढाच उशीर, खेड्यातल्या मुलींची संध्याकाळची एसटी चुकते, पुढची तासाभरानं. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. फरशीचं मात्र आहे. फरशी बसवली तर कुणाची एसटी चुकत नाही, हे मी त्यांना तेव्हाच म्हणालो. त्या हसल्या. त्यांनी वर्गशिक्षिकेकडून इतिहासाची वही मागवून मला दाखवली. दुसऱ्या सत्रात २० पैकी १५. वहीच्या मागच्या पानांवर बाईंनी रोज दहा शब्द शुद्धलेखनाला दिले होते, सप्टेंबरपासून, रोज सही. ६८ मुलांत. घरी आम्हाला कुणाला याचा पत्ता नव्हता. पोरगीही बोलली नव्हती.

कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये? पोरगं लाजाळू असेल, हात वर करत नसेल, तर पहिलं वर्ष जड जाईल. ६८ मध्ये मागच्या बाकावर आरामात लपता येतं. रोज मोबाईलवर निरोप लागत असेल तर घेऊ नका. नववीत प्रवेश घ्यायचा विचार असेल तर माझ्या मते एक वर्ष उशीर झाला, एनएमएमएस आठवीतच असते. मी आठवीत टाकलं ते वह्यांच्या रागात, पण वेळ बरोबर साधली.

परवा आरे बसवताना सायकलवाल्यानं मधला स्टँड सुचवला, दोन पायांचा, सायकल सरळ उभी राहते, कलत नाही. २८० रुपये. बसवला. म्हणजे सायकलवर एकूण १२७०, शाळेच्या वर्षाच्या खर्चापेक्षा ३० रुपये जास्त. आणि काल पोरगी सांगत आली की आता आपली पडत नाही, पण शेजारची येऊन आपल्यावर टेकते.

अर्जाला उत्तर गेल्या आठवड्यात आलं. 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.' सही, शिक्का, तारीख. आवक क्रमांक ४१२ आहे. पुढच्या जूनमध्ये फरशीसाठी कुणी अर्ज देणार असेल तर संदर्भात तो घाला.