आयआर गन: पॅनल तपासणाऱ्याने घ्यावीच

इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करणाऱ्याच्या पिशवीत टेस्टर आणि मल्टिमीटरच्या जोडीला आयआर गन, म्हणजे हात न लावता दुरूनच तापमान मोजणारा इन्फ्रारेड (अवरक्त) थर्मामीटर, हवीच, हे माझं ठाम मत आहे. सैल पडलेला जॉइंट नुसत्या नजरेला कळत नाही. पण तिथला रोध वाढलेला असतो आणि करंट दुप्पट झाला की तिथली उष्णता चौपट होते. चालू पॅनलला हात न लावता हे तापणं पकडता येतं, यासाठी ही गन मला आवडते. ट्रिगर दाबला की लगेच आकडा येतो. तिन्ही फेजवर लोड सारखा असताना एकच टर्मिनल बाकी दोघांपेक्षा बरंच गरम निघालं, की पॅनल बंद करून आधी तिथला स्क्रू बघायचा.

लाल ठिपका तापमान मोजतो असं नव्या मुलांना वाटतं. तो लेझर फक्त नेम दाखवायला. गन मोजते ते वस्तूतूनच बाहेर पडणारे अवरक्त किरण, साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे. विल्यम हर्शेलने १८०० साली वर्णपटाच्या लाल पट्ट्यापलीकडे थर्मामीटर ठेवला, तिथे पारा चढला आणि अवरक्त किरणांचा शोध लागला.

या लांबीचे किरण काचेतून किंवा अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जात नाहीत. त्यामुळे पॅनलच्या पारदर्शक दारावर नेम धरलात तर दाराचंच तापमान दिसेल.

खरा धोका चकचकीत तांब्याचा. असा बसबार (पॅनलमधली वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) स्वतः फार कमी किरण सोडतो आणि आजूबाजूचे परावर्तित करतो, म्हणून तापलेला असूनही गार दाखवला जातो. सप्लाय बंद असताना त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवा, नंतर लोडवर त्या टेपवर मोजा. आकडा भरवशाचा येतो.

माझ्या गनचं अंतराचं प्रमाण, म्हणजे अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या गोलाचा व्यास यांचं प्रमाण, १२:१ आहे. एक मीटरवरून ती सुमारे ८ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाची सरासरी घेते, मग एवढंसं टर्मिनल त्यात हरवून जातं. छोट्या टर्मिनलसाठी ३०:१ ची घ्या, म्हणजे सुरक्षित अंतर राखूनही लहान जागा मोजता येईल. उत्सर्जकता (पृष्ठभाग किती किरण सोडतो त्याचं माप) बदलायची सोय नसलेलं मॉडेल मी कुणाला सुचवणार नाही. आणि ही गन माणसाचा ताप बघायला वापरू नका, त्यासाठीचे थर्मामीटर वेगळे असतात.